पुण्यात दीड-दोन हजारांत गाणी ऐकण्यासाठी कोणते इअरफोन घ्यावेत?

फक्त गाणीच ऐकायची असतील तर या पैशांत वायरवालेच घ्या. ब्लूटूथवाल्यांत बॅटरी, चिप, चार्जिंगची डबी याच रकमेत बसवावी लागते. आवाजाच्या वाट्याला थोडंच उरतं. मूनड्रॉप चू २ किंवा सेव्हनहर्ट्झ झीरो या जातीचे बघा. दोन्हींची वायर सुटी होते (०.७८ मिमी, दोन पिना), त्यामुळे वायर तुटली तरी इअरफोन फेकावे लागत नाहीत.

खरी गोम कानात जाणाऱ्या रबरी टिपांत आहे. "बास नाही" ही तक्रार बहुतेक वेळा टीप कानात घट्ट न बसल्याची असते. फट राहिली की खालचे स्वर निसटतात, तबल्याचा डग्गा ऐकूच येत नाही. सोबत आलेली सगळी मापं लावून पाहा. दोन्ही कानांना वेगळं माप लागू शकतं. टीप नीट बसली की लक्ष्मी रोडची गर्दीही बरीच दबते (रस्ता ओलांडताना मात्र काढा!).

फोनला ३.५ मिमीचं भोक नसेल तर टाइप-सी डोंगल लागेल, तोही आत डॅक (फोनमधल्या डिजिटल माहितीचा इअरफोनला चालणारा सिग्नल करणारी चिप) असलेला. नुसता जोडणारा स्वस्त तुकडा अनेक फोनवर मुकाच राहतो.

तपकीर गल्लीत (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार) घेतलात तर पक्कं बिल मागा, वॉरंटीला तेच लागतं. पुढे एका बाजूचा आवाज कमी झाला तर आधी टीप बसते त्या नळीवरची जाळी बघा, मळ साचलेला असतो. टीप काढून, जाळीचं तोंड खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झटका. टाचणी घालू नका.