वाचकांचे प्रश्न : बसंतरचा सेंच्युरियन टेबलावर उतरवताना

प्रश्न : आम्ही मित्र रविवारी टेबलावर लढाया खेळतो. आता १९७१ ची बसंतरची लढाई मांडायची आहे. पूना हॉर्स या रेजिमेंटचे तीन सेंच्युरियन रणगाडे १:७२ मापात करायला घेतलेत. पहिला रंगवून झाला, पण टेबलावर तो जवळजवळ काळाच दिसतो. शिवाय खेळताना तोफेची नळी मोडते, कडांचा रंग निघतो. तिन्ही रणगाड्यांवर ‘फामागुस्टा’ हे नाव घालायचा बेत आहे. काय काय सुधारावं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नावाचं आधी सांगते, कारण त्याबाबत माझं मत पक्कं आहे. ‘फामागुस्टा’ एकाच रणगाड्यावर घाला. तो सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांचा रणगाडा. पुण्यात जन्मलेला हा मुलगा १६ डिसेंबर १९७१ ला अवघा एकवीस वर्षांचा होता. त्या दिवशी पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांच्या वाटेत शेवटी पूना हॉर्सचे तीन रणगाडे उरले होते : कॅप्टन मल्होत्रांचा, लेफ्टनंट अहलावतांचा आणि खेतरपालांचा. ‘फामागुस्टा’ला आग लागल्यावर बाहेर पडायचा हुकूम रेडिओवर आला, पण आपली तोफ अजून चालते आहे असं सांगून ते लढत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. तुम्ही तीन सेंच्युरियन घेतलेत म्हणजे हेच तीन मांडता येतील, आणि मग ते तीन वेगळे ओळखू आले पाहिजेत. एकाच्या टरेटवर, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजावर, गुंडाळलेली ताडपत्री ठेवा, एकाच्या बाजूचा एखादा पत्रा गळालेला दाखवा. टिश्यू पेपर पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून गुंडाळला की ताडपत्री छान होते.

आता रंग. तुमची बाटली चुकीची नाही. खरा सेंच्युरियन नळी सोडून साधारण साडेसात मीटर लांब, तुमचा साडेदहा सेंटीमीटर. खऱ्या रणगाड्याचा गडद हिरवा रंग जसाच्या तसा एवढ्याशा वस्तूवर लावला की तो काळपटच दिसतो. ऑलिव्ह ग्रीनच्या चार थेंबांत एक थेंब पिवळसर बफ मिसळा. पांढरा नको, त्याने हिरवा रंग खडूसारखा पांढुरका पडतो. हा झाला मूळ हात. मग त्यातच आणखी एक थेंब बफ घालून फक्त आडव्या भागांवर फिरवा : टरेटचं छत, इंजिनावरची झाकणं, चिखलपट्ट्यांचा वरचा भाग. खेळणारा माणूस रणगाडा कायम वरून बघतो. प्रदर्शनात मांडायच्या मॉडेलवर लोक चाकांसाठी संध्याकाळच्या संध्याकाळ घालवतात, पण सेंच्युरियनची चाकं निम्मी बाजूच्या पत्र्यांआड असतात. तुमचा वेळ छतावर खर्च करा. टरेटमधून डोकावणारा कमांडर जरूर बसवा, काळ्या डांगरीत. लांबून नजर आधी त्याच्यावर जाते.

टरेटबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे सेंच्युरियन खरा सेंच्युरियन होतो. त्याचा टरेट ओतीव पोलादाचा आहे आणि खालचं धड जोडलेल्या पत्र्यांचं. त्यामुळे टरेटच्या बाजू हाताला खरखरीत लागतात, धड सपाट. किटमध्ये बहुतेक वेळा दोन्ही सारखेच गुळगुळीत येतात. टरेटच्या बाजूंवर प्लास्टिक सिमेंटचा पातळ हात द्या, ते मिनिटभर मऊ होऊ द्या आणि जुन्या टूथब्रशने हलके ठोके मारा. छत मात्र सोडा, ते सपाट पत्र्याचं आहे. वाळल्यावर ६०० नंबरच्या पॉलिशपेपरने एकदाच अलगद पुसा. पुढे ड्रायब्रश, म्हणजे रंग जवळजवळ पुसून टाकलेला कोरडा ब्रश, फिरवाल तेव्हा हा खरखरीतपणा आपोआप उठून येतो. एकदा अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन या. तिथे सेंच्युरियन आहे, पॅटनही आहे, आणि ओतीव पोलाद फोटोपेक्षा तिथे उभं राहून जास्त कळतं.

खाचांसाठी महागडं वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) घ्यायलाच हवं असं नाही. कॅमलिनचा बर्न्ट अंबर तैलरंग टर्पेंटाइनमध्ये चहाइतका पातळ करा. आधी चकचकीत वार्निशचा हात देऊन ते पूर्ण वाळू द्या, मगच वॉश फक्त खाचांच्या कडेने सोडा.

धूळही लढाई बघून लावावी. तुमची लढाई डिसेंबरातली, बसंतर नदीच्या वाळूची : फिकी, कोरडी धूळ, चाकांवरच्या साखळीपट्ट्यांवर आणि पत्र्यांच्या खालच्या कडेला. पुढे १९६५ ची असल उत्तरची लढाई मांडलीत तर हीच धूळ चालणार नाही. तिथे सप्टेंबर होता, शेतांत पाणी सोडलेलं होतं आणि पॅटन चिखलात रुतले होते. तिथे ओला, काळपट चिखल चाकांच्या वरपर्यंत हवा.

मोडणाऱ्या नळीला उपाय एकच : प्लास्टिकची नळी काढून त्याच जाडीची पितळी नळी बसवा. मुळाशी हँड ड्रिलने भोक पाडा, तारेचा एक तुकडा अर्धा टरेटमध्ये आणि अर्धा नळीत जाईल असा घाला आणि फेविक्विकने पक्की करा. प्लास्टिक सिमेंट पितळेला धरत नाही. टरेट चिकटवू नका, तो फिरला पाहिजे. खेळात नेम कुठे धरलाय यावरून वाद होतात, ते टरेट वळवून मिटतात. धड बंद करण्यापूर्वी आत दोन-तीन नट चिकटवा. वजन आलं की धक्क्याने रणगाडा सरकत नाही.

कडांचा रंग निघतो कारण हात तिथेच लागतो. सगळं झाल्यावर चकचकीत वार्निशचे दोन हात द्या आणि वरून मॅट. चकचकीत वार्निश जास्त टणक असतं, मॅट फक्त चमक मारण्यासाठी. आणि रणगाडा उचलताना नळीला किंवा टरेटला धरायचं नाही, दोन्ही बाजूंच्या पत्र्यांना धरायचं, हा नियम पाहुण्या खेळाडूंनाही आधीच सांगा.

प्रश्न : पावसाळ्यात मॉडेलवर स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) मारला की पांढुरकी झाक येते. काय करू?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कोकणात जून ते सप्टेंबर स्प्रे बाजूला ठेवा. हवेतली ओल रंगात अडकते. ब्रशने लावायचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर घ्या, दोन पातळ हात द्या आणि दोन्हींच्या मध्ये एक अख्खी रात्र जाऊ द्या. त्याआधी सुटे भाग भांड्यांच्या साबणाने धुऊन पंख्याखाली पूर्ण कोरडे करा, कारण साच्यातून येताना त्यांवर तेलकट थर राहिलेला असतो.