ठिपक्यांची विमानं कशासाठी?

दुसऱ्या महायुद्धातल्या एका अमेरिकन बॉम्बरचा फोटो पाहिला. अंगभर मोठाले ठिपके! हे शत्रूला चकवायलाच ना?

नाही. हा गैरसमज पुन्हा पुन्हा येतो, म्हणून एकदा नीट सांगतो. ते ठिपके आपल्याच वैमानिकांसाठी होते. इंग्लंडमध्ये नॉर्विचच्या आसपास अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाचे तळ एकमेकांना खेटून होते. सकाळी ढगांतून वर आलेल्या शेकडो विमानांच्या गर्दीत प्रत्येकाला आपला गट शोधावा लागे. म्हणून लिबरेटर (चार इंजिनांचं बॉम्बर, बी-२४) विमानांच्या गटांनी एकेक झिजलेलं विमान बाजूला काढलं, त्यावरच्या बंदुका उतरवल्या, जादा दिवे बसवले आणि ते भडक रंगवलं. ते घिरट्या घालत फ्लेअर (खुणेचे प्रकाशगोळे) सोडी, बाकीचे त्यामागे रचना धरत. ४४ व्या गटाचं ‘लेमन ड्रॉप’ पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं होतं, तर ४५८ व्या गटाचं ‘फर्स्ट सार्जंट’ ठिपक्यांचं.

मग ही विमानं जर्मनीवर जात का?

नाही. रचना जुळली की तळावर परत.

लिबरेटरच्या मॉडेलवर डी-डेचे काळे-पांढरे पट्टे काढू का?

नको. नॉर्मंडीच्या चढाईत (जून १९४४) आपल्याच तोफांनी आपली विमानं पाडू नयेत म्हणून ते पट्टे होते. चार इंजिनांच्या बॉम्बरना ते नव्हते.

दुकानदाराने संगणकावर रंगवलेला जुना फोटो दाखवला आणि त्याबरहुकूम ‘अस्सल’ रंगसंच देऊ केला. किंमत बरीच आहे. घेऊ का?

आत्ता घेऊ नका. कृष्णधवल फोटोवरून रंग ओळखता येतो हा भ्रम आधी सोडा. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश जाणवतच नसे, त्यामुळे लाल रंग जवळजवळ काळा उमटतो आणि पिवळाही गडद होतो. ब्रिटिश विमानांच्या गोल चिन्हाभोवतीचं पिवळं कडं अशा फोटोत काळपट दिसतं, सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर तेच उजळ. संगणक यातलं काही जाणत नाही, अंदाजाने रंग भरतो. मग तोच फोटो दहा जण पुढे पाठवतात, अकरावा त्याला पुरावा म्हणतो आणि विक्रेता त्यावर डबे खपवतो. यात खऱ्या इतिहासावर खोटा थर चढतो, याचं मला फार वाईट वाटतं. शिवाय ही विमानं दुसऱ्या गटांकडून यायची, पुन्हा रंगवली जायची. ‘फर्स्ट सार्जंट’ही आधी ९३ व्या गटात होतं. म्हणून फोटोची तारीख आणि गट कळल्याशिवाय डबा उघडू नका. नॉर्विचला सेकंड एअर डिव्हिजनचं (आठव्या हवाई दलातल्या लिबरेटर गटांच्या विभागाचं) स्मारक-ग्रंथालय आहे, तिथे लिहून विचारा.

आजोबांकडे विमानाच्या पत्र्याचा तुकडा आहे, वर हिरवट-पिवळा थर. सँडपेपरने घासून मूळ रंग पाहू का?

अजिबात नाही! तो थर झिंक क्रोमेटचा (गंज रोखणाऱ्या अस्तर-रंगाचा) असू शकतो आणि त्याची धूळ श्वासातून गेली तर कर्करोगाचा धोका असतो. सोबत अंधारात चमकणारी घड्याळाची तबकडी असेल तर तीही उघडू नका, जुन्या चमकत्या रंगात किरणोत्सर्गी रेडियम असे. दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत बंद करा, मुलांपासून लांब ठेवा, फोटो काढा आणि याच आठवड्यात संग्रहालयातल्या संवर्धकांना विचारा. घासून झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.