मुलगी दर आठवड्याला डोकं धरून शाळेतून घरी येते, खरंच दुखतं की बहाणा?

तुम्ही लिहिलंय की मुलगी १४ वर्षांची आहे, आठवड्यातून एकदा तरी डोकं दुखतं म्हणून शाळेतून घरी येते, डोळे तपासले तर नंबर निघाला नाही आणि संध्याकाळी एकदम ठणठणीत असते, म्हणून शंका येते, आणि डोक्याचा स्कॅन करावा का. स्कॅनचं नंतर सांगते. ते 'संध्याकाळी ठणठणीत' वाचून माझं टाळकं सटकलं, कारण याच एका गोष्टीवरून मी शाळेत आणि घरात खोटारडी ठरले होते.

आठवीत होते, गणिताचा पेपर. तिसरा प्रश्न वाचायला घेतला तर 'त्रिकोण' मधला 'को'च दिसेना. पुसट वगैरे नाही, तिथे काहीच नाही, नजर हलवली की शेजारचं अक्षर गायब. मग त्या रिकाम्या जागेच्या कडेने एक दातेरी रेघ चमकायला लागली, करवतीच्या पात्यावर ऊन पडावं तशी, आणि मोठी होत होत बाजूला सरकायला लागली, डोळे मिटले तरी दिसतेच. वीसेक मिनिटांनी ती गेली आणि डोकं सुरू झालं, दोन्ही कानशिलं ठणठण. मी बाकावर डोकं टेकलं तर सर म्हणाले, "पेपर कोरा आहे म्हणून डोकं दुखतंय, डोकं दुखतंय म्हणून पेपर कोरा नाही." वर्ग हसला. सरांना ते वाक्य स्वतःलाच इतकं आवडलं की वर्षभर वापरलं.

मग ऑफिसबाहेर ट्यूबलाइटखाली तासभर बसवलं, तिथेच उलटी झाली, बाबा न्यायला आले. घरी पडदे ओढून झोपले. पाचला उठले तर डोकं हलकं, कडकडून भूक लागलेली, मैत्रीण आली होती तिच्याशी काहीतरी बोलून हसले. बाबा दारात उभे होते. बोलले काही नाहीत, आईकडे बघून फक्त एक भुवई उडवली. ती भुवई मी अजून विसरलेली नाही.

आता ऐका. माझं ते दुखणं म्हणजे मायग्रेन, आपली अर्धशिशी, आणि तुमच्या मुलीचंही तेच असू शकतं. मोठ्यांचा मायग्रेनचा अ‍ॅटॅक औषध न घेता ४ ते ७२ तास चालतो, या वयात तो २ तासांतही आटपू शकतो, आणि चांगली झोप लागली की बऱ्याच मुलांचा उतरतो. म्हणजे संध्याकाळी ठणठणीत असणं हा बहाण्याचा पुरावा नाहीच, दुखणंच तसं आहे. दुसरा घोटाळा आपल्या 'अर्धशिशी' या शब्दाने केलाय. माझं दोन्हीकडे दुखायचं म्हणून आमच्याकडे सगळ्यांनी ठरवलं की ही अर्धशिशी नव्हे. मुलांचं बऱ्याचदा दोन्ही बाजूंनीच दुखतं हो! आणि ते चमकणारं वगैरे सगळ्यांना दिसत नाही, बहुतेकांना नाहीच दिसत, तेव्हा मुलीला दिसत नसेल तर लगेच निकाल लावू नका.

शाळेच्याच दिवशी का दुखतं? कारण शाळेच्याच दिवशी झोप तोडून उठतात, उपाशी पळतात, पाणी पीत नाहीत आणि टेन्शन असतं. या वयात शरीराचं घड्याळच उशिरा सरकतं, झोप मात्र ८ ते १० तास लागते, करा हिशोब. धुळीने दमा उसळला तर त्याला कोणी धुळीचा बहाणा म्हणत नाही.

आणि बाबा. महिन्यातले दोन रविवार ते ओला रुमाल डोळ्यांवर टाकून अंधारात पडायचे, घरात भांडं वाजवायची सोय नाही, उलटी झाली की उतरायचं. त्याला घरात 'पित्त' म्हणत. माझं नाटक आणि त्यांचं पित्त! मायग्रेन घराण्यात चालत येतो, तुमच्याकडे असं पित्त कोणाला होतं ते आधी बघा. मी हे बाबांना पुढे दहादा समजावलं. २०१७ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला, ८ ते १७ वयाच्या मुलांना मायग्रेन टाळायला रोज द्यायची दोन नेहमीची औषधं, आत औषधच नसलेल्या साध्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत, खोट्या गोळीवरही ६१ टक्के मुलांचे दुखण्याचे दिवस निम्म्याने किंवा जास्त कमी झाले. हे सांगितलं तर बाबा म्हणतात, "बघ, म्हणजे मनाचेच खेळ." अहो बाबा, उतार पडला म्हणजे दुखणं खोटं होतं का? तुमचं पित्त रुमालाने उतरायचं, ते काय खोटं होतं?

असो. मुलीलाच एक वही द्या, तारीख, किती वाजता सुरू झालं, आदल्या रात्री कधी झोपली, काय खाल्लं होतं की नव्हतं, पाळी. दोन महिन्यांत तिचं तिलाच कळेल. डॉक्टरांनी दिलेली गोळी सुरुवातीलाच घ्यायची, 'बघू अजून थोडं' करत बसलं तर नीट लागू पडत नाही, आणि शाळेला तशी चिठ्ठी देऊन ठेवा. पण साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, आणि मायग्रेनच्या खास गोळ्या १० दिवस किंवा जास्त व्हायला लागल्या तर गोळीनेच डोकं दुखायला लागू शकतं, हे विसरू नका. अ‍ॅस्पिरिन मुलांना स्वतःच्या मनाने अजिबात नको.

स्कॅन: दोन अ‍ॅटॅकच्या मधे मुलगी पूर्ण बरी असेल आणि डॉक्टरांच्या तपासणीत काही निघालं नाही तर सहसा लागत नाही. मात्र दुखण्याने झोपेतून जाग येणं, पहाटे उठल्या उठल्या उलट्या, एकाएकी आयुष्यात कधी नव्हतं असं भयंकर दुखणं, ताप आणि मान आखडणं, एकाचे दोन दिसणं, हातापायात जोर नसणं, डोक्याला मार लागल्यावर सुरू झालेलं किंवा आठवड्यागणिक वाढत चाललेलं, यातलं काहीही असेल तर माझं उत्तर वाचत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. हे खरं तर वरतीच लिहायला हवं होतं, पण त्या भुवईने घोळ केला.