रिव्ह्यू राहू द्या, व्हिडिओ आजच काढा

ताई, तुमचं पत्र मिळालं, नोटिशीच्या पानांचे फोटोही पाहिले. घरात दोन दिवस कुणी धड जेवलेलं नाही असं लिहिलंय तुम्ही, म्हणून आधी हे सासूबाईंना वाचून दाखवा. नोटीस म्हणजे केस नाही, एका वकिलाने आपल्या पक्षकाराच्या सांगण्यावरून लिहिलेलं पत्र आहे ते, कोर्टापर्यंत अजून तुमचं नावही गेलेलं नाही आणि ते 25 लाख त्यांनी मागितलेले आहेत, कुणी ठरवून दिलेले नाहीत. त्यांना खरंच एवढी भरपाई हवी असेल तर दावा लावावा लागेल, कोर्ट फी भरावी लागेल, नुकसान काय झालं ते सिद्ध करावं लागेल.

बाकीच्यांना कळावं म्हणून तुमची हकीकत थोडक्यात सांगतो. तुम्ही, सासूबाई, जाऊबाई, त्यांचं वर्षाचं बाळ आणि पुण्याहून आलेली भाची असे सगळे रविवारी विजयनगरच्या मॉलमध्ये नवा मराठी पिक्चर बघायला गेलात. इंदुरात मराठी पिक्चर लागला की बहुतेक एखादाच शो असतो, तो चुकला की गेला, त्यामुळे आपल्याकडची मंडळी सगळं घरदार घेऊनच जातात. पिक्चर आवडला नाही. शेवटच्या रडायच्या सीनला सासूबाईंना हसू फुटलं, ते काही केल्या थांबेना, तुम्ही फोन काढून त्यांचा व्हिडिओ घेतला, मग फोन फिरवून पडदाही घेतला, सगळं मिळून 38 सेकंद. घरी येऊन फेसबुकवर लांबलचक पोस्ट लिहिली, खाली व्हिडिओ जोडला, तोच फॅमिली ग्रुपवर टाकला आणि तिथून तो रामबाग, सुदामानगर करत मुंबईपर्यंत पोचला. आता निर्मात्याच्या वकिलाची स्पीड पोस्टने नोटीस आलीय, सात दिवसांत सगळं काढा, सोबतच्या माफीनाम्यावर सही करा, 25 लाख द्या. मिस्टर म्हणतात सही करून मोकळी हो, दीर म्हणतात असल्या नोटिशी कचऱ्यात टाकायच्या असतात, आणि तुम्ही स्वतः घाबरून पोस्ट डिलीट करायला निघालाय पण व्हिडिओ ठेवायचा म्हणताय, का तर तो घरगुती आहे आणि सासूबाई त्यात फार गोड हसल्यात.

ताई, हे उलटं होतंय. तुमच्या मताला कायद्याचा चांगला भक्कम आधार आहे आणि तेच तुम्ही सोडून देताय, आणि जिथे खरा धोका आहे तो व्हिडिओ मात्र सांभाळून ठेवताय.

आधी मताचं बघू. नोटिशीत आयपीसी म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेची बदनामीची कलमं 499, 500 आणि ऑनलाइन मजकुराबद्दलचं आयटी अॅक्टचं 66ए लिहिलंय. 66ए सुप्रीम कोर्टाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं, ते आज कुणावर लावताच येत नाही. आणि आयपीसीच्या जागी 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आलीय, तुमची पोस्ट त्यानंतरची आहे म्हणजे बदनामीचं कलम 356 लागू होईल. नोटीस जुन्या फॉर्मवरून घाईत टाइप केलेली दिसते. पण म्हणून ती कचऱ्यात टाकू नका, कलमाचा नंबर चुकला म्हणून तक्रार बाद होत नाही.

या 356 ला अपवाद आहेत, त्यातला सहावा अगदी तुमच्यासारख्यांसाठीच आहे. ज्याने आपली कलाकृती लोकांसमोर त्यांच्या पसंती-नापसंतीसाठी मांडली, तिच्या गुणदोषांबद्दल प्रामाणिकपणे मत दिलं तर ती बदनामी नाही. हा नियम 1860 च्या आयपीसीपासून आहे आणि नव्या संहितेत तसाच घेतलाय. कलमाखाली उदाहरणंसुद्धा दिलीत, पुस्तक छापणारा ते पुस्तक लोकांच्या निवाड्यासाठी ठेवतो, स्टेजवर येणारा नट किंवा गायक आपला अभिनय, आपलं गाणं निवाड्यासाठी ठेवतो. तिकीट लावून पिक्चर दाखवणाराही त्यातच आला. त्यामुळे तुम्ही जे लिहिलंत की गोष्टीला शेंडा ना बुडखा, अडीच तास फुकट गेले, हिरोईन पाठ केलेलं म्हणून दाखवते, यातला एक शब्दही काढू नका. आपल्या पैशाने, आपल्या माणसांना घेऊन पिक्चर बघितलात, नाही आवडला तर नाही आवडला म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि माणसं हे म्हणायलाच घाबरायला लागली तर मला ते पंचवीस लाखांच्या आकड्यापेक्षा जास्त लागतं.

फक्त ते मत प्रामाणिक हवं, आणि कायद्याच्या भाषेत पुरेशी काळजी घेऊन केलेलं तेच प्रामाणिक. पिक्चर न बघता शिव्या घालणाऱ्याला हा अपवाद मिळणं कठीण. म्हणून तिकिटाचा मेसेज, पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट, पॉपकॉर्नचं बिल, सगळं जपून ठेवा, तुम्ही खरंच शेवटपर्यंत बसून पिक्चर बघितलात याचा तो पुरावा आहे.

आता पोस्टमधल्या त्या दोन ओळी, ज्यांच्याबद्दल पत्रात तुम्ही काहीच लिहिलं नाहीत पण नोटिशीत लाल पेनने गोल केलेल्या आहेत. एकीत तुम्ही म्हणताय की हा पिक्चर अनुदान लाटायलाच काढलाय, निर्मात्याने पैसे दाबलेत. दुसरीत दिग्दर्शकाच्या खाजगी आयुष्याबद्दल एक शब्द वापरलाय जो मी इथे लिहीत नाही. या दोन ओळी पिक्चरबद्दल नाहीतच. कलमातलं पुढचं उदाहरण बघा म्हणजे फरक कळेल. अमक्याचं पुस्तक मूर्खपणाचं आहे, तो कच्च्या बुद्धीचा असावा असं म्हटलं तर चालतं कारण ते पुस्तकावरूनच काढलेलं मत आहे, पण तो माणूसच कच्चा आणि बाहेरख्याली आहे म्हणून त्याचं पुस्तक असं यात मला नवल वाटत नाही असं म्हटलं की अपवादाचं संरक्षण गेलं. कारण आता तुम्ही पुस्तक सोडून माणसावर बोलताय. दिग्दर्शकाची ओळ नेमकी यातच बसते. आणि पैसे दाबले हे तर मतच नाही, ते घडल्याचं सांगणं आहे आणि त्याला कागद लागतो. सगळे म्हणत होते हा बचाव चालत नाही, ऐकलेलं पुढे सांगितलं तरी ते तुम्हीच सांगितलं असं धरतात. तुमच्याकडे कागद नाही हे पत्रावरून स्पष्ट आहे, तेव्हा या दोन ओळी काढा आणि तिथेच साध्या शब्दांत लिहा की अमुक विधानं मी मागे घेतेय. पण काढायच्या आधी अख्ख्या पोस्टचा तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, उद्या समोरच्याने अर्धीच पोस्ट दाखवली तर पूर्ण काय होतं ते तुमच्याकडे असायला हवं.

बदनामीच्या गुन्ह्यात पोलीस परस्पर दारात येत नाहीत, तो अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे, ज्याची बदनामी झाली त्याला मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करावी लागते. फौजदारी केस कशी चालवायची ते सांगणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 223 प्रमाणे मॅजिस्ट्रेटने दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकायची संधी द्यायला लागते, हे पूर्वी नव्हतं. शिवाय तक्रार मुंबईत केली आणि तुम्ही इंदुरात राहता, तर समन्स काढायच्या आधी मॅजिस्ट्रेटने चौकशी करणं भाग आहे. दोषी ठरलात तर दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे, म्हणजे गंमत नाही, 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने हे कलम वैध ठरवलंय. पण आज रात्री झोप उडावी असंही काही नाही. भरपाईचा दिवाणी दावा लावायला त्यांना पोस्ट टाकल्यापासून एक वर्ष आहे.

व्हिडिओचं मात्र वेगळं आहे आणि हे मिस्टरांना आणि दिरांना दोघांनाही शेजारी बसवून वाचा. सिनेमॅटोग्राफ कायद्यात 2023 ला दुरुस्ती झाली. लायसन असलेल्या टाकीजमध्ये पिक्चरची किंवा त्याच्या काही भागाची चोरटी कॉपी करायच्या इराद्याने रेकॉर्डिंग करणं, नुसता तसा प्रयत्न करणं हाही आता गुन्हा आहे. शिक्षा कमीत कमी तीन महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि दंड कमीत कमी तीन लाख, वर पिक्चरच्या ऑडिट केलेल्या एकूण निर्मिती खर्चाच्या 5 टक्क्यांपर्यंत. त्याशिवाय कॉपीराइट मोडण्याच्या गुन्ह्याचं 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 63 आहे, आणि तो गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये सांगितलंय. म्हणजे इथे पोलीस थेट येऊ शकतात.

तुमच्या बाजूने बोलण्यासारखं आहे, नाही असं नाही. इराद्याचा मुद्दा मोठा आहे, तुम्हाला पिक्चर चोरायचा नव्हता, सासूबाईंचं हसणं टिपायचं होतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये खाजगी वापर आणि समीक्षेसाठी सूट आहे आणि ती सूट या नव्या दुरुस्तीलाही लागू केलीय. पण मी व्हिडिओ दोनदा नीट बघितला, पहिली 11 सेकंद सासूबाई आहेत, पुढची 27 सेकंद नुसता पडदा आहे, क्लायमॅक्सचा सीन संवादासकट. सासूबाईंचं हसू दाखवायला एवढा पडदा का लागला हे मला कोर्टात समजावता येईल, पण ते समजावायची वेळच येऊ नये असं मला मनापासून वाटतं. त्यात कुणीतरी तुमचा भाग कापून नुसता पडद्याचा तुकडा शेवट लीक म्हणून फिरवायला लागलंय, तुम्हीच तो स्क्रीनशॉट पाठवलाय. प्रत्येक फॉरवर्डबरोबर खाजगी वापर म्हणणं अवघड होत जातं.

म्हणून आजच, हे वाचून झालं की लगेच, फेसबुकवरून व्हिडिओ काढा, फॅमिली ग्रुपवरून सगळ्यांसाठी डिलीट होत असेल तर करा आणि प्रत्येक ग्रुपवर लिहा की कुणी हा पुढे पाठवू नका, असेल तर पुसून टाका. तो मेसेजही जपा. मात्र फोनमधला ओरिजिनल व्हिडिओ बिलकुल पुसू नका, कापू नका, फोन फॉरमॅट करू नका, विकू नका. पहिली 11 सेकंद फोन कुठे रोखलेला होता हे त्या ओरिजिनलमध्येच दिसतं, आणि कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर पुराव्याच्या कायद्याचं, म्हणजे साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं, ते त्याच फोनवरून करता येईल. दीर ग्रुपचे अॅडमिन आहेत म्हणून जाऊबाई घाबरल्यात असं लिहिलंत, तर नुसता अॅडमिन आहे एवढ्यावरून दुसऱ्याच्या मेसेजची जबाबदारी त्याच्यावर येत नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने 2021 ला म्हटलंय. पण दिरांनी स्वतः तो पुढे पाठवला असेल तर ती गोष्ट वेगळी, त्यांना सरळ विचारा.

आणि सासूबाईंना विचारलं होतंत का हो, व्हिडिओ टाकायच्या आधी? कायद्याचा प्रश्न म्हणून नाही विचारत. पंचाहत्तरीच्या बाई आहेत, अनोळखी माणसांच्या फोनमध्ये त्यांचा चेहरा गेलाय, खाली लोकांनी काय काय लिहिलंय तेही मी वाचलं. त्यांच्याशी बोला.

माफीनाम्यावर सही करू नका. मिस्टरांची काळजी कळते पण त्यातली तिसरी ओळ वाचा, मी जाणूनबुजून बदनामीच्या हेतूने आणि बेकायदेशीर रेकॉर्डिंग करून, असं तुमच्या तोंडी घातलंय. सगळी केस ज्या हेतूवर उभी राहणार तो तुम्ही स्वतःच्या सहीने कबूल कराल, आणि सही केल्यावर ते केस करणार नाहीत असं त्या कागदात कुठेच लिहिलेलं नाही. दुसरं, त्यांच्या ऑफिसातून फोन आला तर बोलू नका, जे असेल ते लेखी पाठवा म्हणा.

उत्तर वकिलाकडून द्या आणि छोटं द्या. पिक्चर तिकीट काढून बघितला, त्याबद्दलची मतं प्रामाणिक आहेत आणि ती कायम आहेत. व्हिडिओ कुठलाही गुन्हा मान्य न करता, आपले हक्क राखून काढून टाकलाय, धंद्यासाठी वापरलेला नाही, एक रुपया मिळालेला नाही. निर्मात्याच्या पैशांबद्दलची आणि दिग्दर्शकाच्या खाजगी आयुष्याबद्दलची विधानं मागे घेतलीत आणि तेवढ्यापुरता खेद आहे. भरपाई नाकबूल. बस. रागाने एकही वाक्य नको, त्यांच्या पिक्चरवर उत्तरात पुन्हा टीका नको. माझा अनुभव असा की व्हिडिओ उतरला आणि पैशांचा आरोप मागे घेतला की बहुतेक निर्माते पुढे जात नाहीत, त्यांना मुळात क्लिप थांबवायची असते.

राहिली पोस्टमधली टाकीजबद्दलची ओळ, की गेटवर बाळाची खिचडी आणि दुधाची बाटली काढून घेतली. ती राहू द्या, ती खरी आहे. सुप्रीम कोर्टाने 3 जानेवारी 2023 ला सांगितलं की बाहेरचं खाणं आणायला टाकीजवाले मना करू शकतात, पण पिण्याचं पाणी फुकट द्यायला हवं आणि तान्ह्या बाळासाठी आईबापांनी आणलेलं बेताचं खाणं अडवता येणार नाही. जाऊबाईंना वाटलं तर आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, नाही झालं तर इथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, एवढ्या छोट्या रकमेला फी पण लागत नाही. पण हे नंतर, दोन्ही भांडणं एकत्र करू नका.

नोटिशीचं पाकीट फाडून टाकलं नसेल तर ठेवा, त्यावर पोस्टाचा शिक्का आहे आणि सात दिवस मिळाल्याच्या तारखेपासून मोजायचेत. वकिलाची फी जमत नसेल तर संकोच करू नका, 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कुठल्याही महिलेला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात आधार कार्ड, नोटीस आणि पोस्टचे स्क्रीनशॉट घेऊन जा, किंवा आधी 15100 वर फोन करून विचारा. जाताना तो फोन पण सोबत न्या.