पिल्लांचं दूध तोडताना

भावा, करवीर तालुक्यात वराहपालन सुरू करतोयस, चांगलं आहे. पण पिल्लांना हगवण लागली की मेडिकलमधून अँटिबायोटिकची (जंतू मारणाऱ्या औषधाची) पावडर आणून पाण्यात टाकायची, हे आधी बंद कर. त्यातल्या कोलिस्टिनवर तर 2019 पासून जनावरांसाठी बंदीच आहे, कारण बाकी औषधं चालेनाशी झाली की माणसाला द्यायच्या अगदी शेवटच्या औषधांपैकी ते एक.

खरी अडचण दूध तोडल्यावर येते. त्या दिवसांत पिल्लाच्या पोटात आम्ल कमी असतं, आतड्याच्या आतली बारीक लव झडून आखूड होते. वरून सोयापेंड जास्त पडली की न पचलेली प्रथिनं खालच्या आतड्यात कुजतात आणि ई. कोलाय हा हगवण लावणारा जंतू माजतो. शेण पिवळं, पाण्यासारखं, शेपटीखाली चिकटलेलं दिसलं की समज. म्हणून 28 दिवसांच्या आत तोडू नकोस, नवं खाद्य आठवडाभर मिसळत ने, पेंड थोडी कमी ठेव. पावसाळ्यात आपल्याकडची ओल फार वाईट, बसायची जागा कोरडी आणि उबदार हवीच. हॉटेलचं खरकटं उकळल्याशिवाय घालू नकोस.

तरी हगवण थांबली नाही, तर औषधाआधी शेणाचा नमुना पशुवैद्यकीय डॉक्टरांकडे दे. कुठलं औषध लागू पडतं ते तपासून मगच डोस, आणि तो पुरा कर. चिकाचं दूध मात्र जन्मल्याबरोबर प्रत्येक पिल्लाच्या पोटात जायलाच हवं.