मुंबईजवळ घरातल्या सगळ्यांना झेपेल अशी सायकल टूर कुठली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही गोरेगावला राहता, स्वतः दर रविवारी चाळीस-पन्नास किमी मारता, मुलगा १३ वर्षांचा आहे आणि सायकलवरून खाली उतरत नाही, बायकोने कॉलेजनंतर सायकलला हात लावलेला नाही, वडील ६४ चे, बीपीची गोळी चालू, तरी मलाही न्या म्हणून मागे लागलेत, आणि डिसेंबरमध्ये चार दिवस चौघांनी एकत्र जायचंय. मी बोरिवलीची, बाबा, भाऊ आणि वहिनीला घेऊन हेच सगळं केलंय म्हणून लिहितेय, थोडं मोठं होईल.

आधी एक सांगते, किलोमीटर बघून रूट ठरवू नका. सगळे हेच करतात, मीही केलं होतं. २०२२ च्या मार्चमध्ये वहिनीला अलिबागजवळच्या मांडव्याहून काशीदला एका दिवसात नेलं, पन्नासच्या थोडं वर अंतर, ती घरापाशी तीस आरामात करत होती म्हणून मला वाटलं चालेल. रेवदंड्यापर्यंत मस्त आली, गप्पा मारत. पूल ओलांडून कोर्लईच्या पुढे रस्ता डोंगराला लागला आणि अकरा वाजता टळटळीत उन्हात ती एका वळणावर उतरली ती उतरलीच. जवळ जाऊन बघते तर हात थरथरतायत, हँडल सोडवत नाहीये, आणि पुढची चेन सगळ्यात मोठ्या चक्रावर. डाव्या हाताचा गियर खाली करायचा असतो हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणजे मीच सांगायला हवं होतं. सपाटीवर कधी गरज पडली नाही, तिने तो खटका आयुष्यात दाबला नव्हता. ती रडली नाही पण बोललीही नाही आणि मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं. त्या दिवशी तीस किमी सपाट आणि पंधरा किमी चढउतार यातला फरक मला कळला.

तर कोण किती लांब जाईल हे सोडा, तीन गोष्टी बघा. चढ किती, रस्त्यावर ट्रक-डंपर किती, आणि मध्येच कोणी थकलं तर परत यायला गाडी-बोट-लोकल काय आहे. ही तिसरी गोष्ट आपल्याकडे फार चांगली आहे, तिचा फायदा घ्या. मुंबईतून सायकल चालवत बाहेर पडायच्या भानगडीत पडू नका, सायन-पनवेलवर किंवा घोडबंदरला दोन तास धूर खाऊन तुमची मिसेस पहिल्याच दिवशी वैतागेल. अटल सेतूवर सायकल चालत नाही. बोटीने किंवा लोकलने पलीकडे जायचं आणि तिथून सुरू करायचं.

डिसेंबरच्या आधी एखाद्या रविवारी चौघांनी वसईची एक फेरी मारा, ही माझी अटच समजा. पहाटेची विरार लोकल, मालडब्यात सायकली (लगेजचं तिकीट काढून), वसई रोडला उतरून वेस्टला बाहेर पडायचं आणि भुईगाव, गिरीज, निर्मळ, आगाशी करत अर्नाळ्याला, आणि विरारला येऊन परतीची लोकल. फाटे धरून पंचवीसेक किमी, चढ जवळपास शून्य. आतल्या रस्त्यांनी गेलात तर दोन्ही बाजूला केळी, नारळ, सोनचाफा, मध्येच बावखलं, म्हणजे वाड्यांमधली पाण्याची छोटी तळी. बाबा आमचे एका बावखलाच्या कडेला सायकल टेकवून जे उभे राहिले ते हलेचनात, पाण्यावर वाकलेला नारळ, पायऱ्यांवर कपडे धुणारी लाल लुगड्यातली एक आजी, तिने विचारलं कुठून आलात, बाबा म्हणाले बोरिवली, ती म्हणाली सायकलवर?, आणि मग वीस मिनिटं दोघांच्या गप्पा, विहिरींचं पाणी खारं कसं होत चाललंय यावर. बाबांना घाम नाही, धाप नाही. सुकेळी मिळाली तर नक्की घ्या, वसईची ही वाळवलेली केळी खिशात ठेवून खायला बिस्किटापेक्षा कितीतरी बरी. या फेरीत तुम्हाला कळेल कोणाची सीट दुखते, कोण पाणी प्यायला विसरतं, वडील किती वेळाने थांबायला मागतात. वडिलांच्या डॉक्टरांना मात्र आधी विचारून घ्या, हे राहू देऊ नका.

आता मुख्य ट्रिप. अलिबागच्या खाली नागाव किंवा चौलला मुक्काम करा, तीन रात्री एकाच ठिकाणी. रोज सामान बांधून पुढे पुढे जायची टूर ऐकायला भारी वाटते पण चौघांचा दम वेगळा असताना त्यात सगळ्यात स्लो माणसाला सतत ओझं झाल्यासारखं वाटतं आणि सगळ्यात फास्ट माणूस सतत वाट बघत बसतो. मुक्काम एक ठेवला की सकाळी सगळे एकत्र निघतात, ज्याला जिथून वळायचं तिथून तो वळतो, आणि दुपारी जेवायला सगळे एका टेबलावर.

जायचं कसं, तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, तासाभराचा प्रवास, सायकल तशीच आत ढकलत न्यायची. मांडव्याला उतरलात की मोठ्या रस्त्याला लगेच लागू नका, वीकएंडला मुंबईच्या गाड्या तिथे सुसाट असतात. सासवणे, आवास, किहीम असं गावांतून जा. सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं घर आहे, आता म्युझियम केलंय, अंगणातच पुतळे उभे आहेत, ते बघायला थांबा म्हणजे वडिलांना आपोआप विश्रांती होईल, थकलोय असं म्हणायला लागणार नाही. अलिबागपर्यंत साधारण वीस किमी. तिथे वडिलांचे पाय बोलायला लागले तर त्यांना सायकलसकट मिनीडोरमध्ये (तिथली मोठी रिक्षा) बसवा, नागाव पुढे आठ-नऊ किमी आहे, त्यात काही कमीपणा नाही, बाबांना मी दोनदा बसवलंय.

दुसरा दिवस सगळ्यांचा. नागाव, चौल, रेवदंडा आणि परत, सुपारीच्या वाड्यांमधून, पूर्ण सावली. चौलचा रामेश्वर, रेवदंड्याच्या किल्ल्याची तटबंदी, जिच्या आत गावच वसलंय. वीस किमीच्या आत दिवस भरतो आणि तुमच्या मिसेसना आपण हे करू शकतो हा विश्वास इथे येतो, म्हणून हा दिवस कापू नका.

तिसऱ्या दिवशी तुम्ही आणि मुलगा काशीदला. रेवदंड्याचा पूल उजाडताना ओलांडा, अरुंद आहे आणि साळावच्या बाजूला अवजड गाड्या असतात, एकामागे एक रांगेत चालवा, मुलाला पुढे ठेवा. मग कोर्लई. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत अजून पोर्तुगीज-मराठी मिसळलेली स्वतःची बोली बोलतात, चहाला थांबलात तर कानावर पडेल. त्यानंतर चढ सुरू, फार मोठा नाही पण कोकणातल्या किनाऱ्याच्या रस्त्याची गंमत हीच आहे की खाडीपाशी उतरायचं आणि लगेच डोंगर चढायचा, पुन्हा उतरायचं पुन्हा चढायचं, एक सलग घाट नसतो आणि म्हणूनच पाय जास्त मोडतात. उतारावर मुलाला सांगा ब्रेक दाबून धरून ठेवायचे नाहीत, दाबायचे सोडायचे, वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. निघण्यापूर्वी ब्रेकची रबरं स्वतः बघा, खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर बदला, फार पैसे लागत नाहीत.

त्याच दिवशी मिसेस आणि वडील अक्षीला किनाऱ्यावर. आणि मिसेसना यावंसं वाटलं तर येऊ द्या! माझी वहिनी पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये याच रस्त्याने काशीदला गेली, नागावहून, सामान नाही, सकाळी सहाला निघून, डावा गियर खाली करून, ज्या वळणावर बसली होती तिथे थांबलीसुद्धा नाही. मला मागे वळून हात केला तिने. मी मागे होते आणि मला खरंच भरून आलं.

येताना एक लक्षात ठेवा, दुपारनंतर समुद्राकडून वायव्येचा वारा सुटतो, काशीदहून उत्तरेकडे परतताना तो सरळ तोंडावर येतो. सकाळी गेलेल्यापेक्षा परत यायला जास्त वेळ लागतो, म्हणून साडेआठ-नऊपर्यंत तिथून निघाच. आणि म्हणूनच लांबची टूर करणारे उत्तरेकडून दक्षिणेला जातात.

ती लांबची टूर पुढच्या वर्षी तुमची आणि मुलाची, तो तयार होईल तोवर. काशीदच्या पुढे नांदगाव, मुरूड, जंजिरा उजवीकडे ठेवून आगरदांडा, तिथून फेरीबोटीने दिघी, मग दिवेआगर, आणि दिवेआगर ते श्रीवर्धन हा आरावीवरून जाणारा समुद्राला चिकटून गेलेला रस्ता, मी आजवर जेवढे चालवलेत त्यात हा सगळ्यात आवडता. पुढे हरिहरेश्वर, बागमांडल्याला पुन्हा फेरीबोट, आणि पाय असतील तर तसंच केळशी, आंजर्ले, दाभोळ, गुहागर करत खाली खाली. श्रीवर्धनहून सोडायचं असेल तर माणगावला येऊन कोकण रेल्वे.

आणि तुम्हाला एकट्याला खाज असेल, म्हणजे चाळीस-पन्नास सपाट आता बोअर होत असेल, तर खोपोलीचा घाट. लोकलने खोपोली, जुन्या रस्त्याने शिंग्रोबाच्या देवळावरून खंडाळा, आठ-दहा किमीत सुमारे पाचशे मीटर चढ. शिंग्रोबा म्हणजे ज्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली असं सांगतात तो, गाडीवाले अजून नाणं टाकून पुढे जातात, आणि तिथपर्यंत न थांबता चढलात तर पुढचा कुठलाही घाट अंगावर येणार नाही. गर्दी वाढायच्या आत, पहाटेच. पावसाळ्यात माळशेजला जातात लोक, मला तिथली धबधब्यावरची गर्दी आणि दरडींची भीती दोन्ही नको वाटतात, त्यापेक्षा पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरअखेर कसारा-खोडाळा-जव्हार करा, भाताची खाचरं, वारल्यांची घरं, गाड्या अगदी कमी, पण हा रस्ता सतत वरखाली आहे आणि दुकानं लांब लांब आहेत, पाणी दोन लिटर घेऊन निघा. नवख्याला तिथे नेऊ नका.

सायकलींबद्दल विचारलंय, तर नवीन घेऊ नका. मिसेस आणि वडिलांसाठी भाड्याने साधी हायब्रीड (रोड बाईक आणि माउंटन बाईकच्या मधली), पुढे तीन चक्रं असलेली, टायर ३२ मिमीपेक्षा जाड. सीटची उंची अशी की टाच पेडलवर ठेवून पेडल खाली नेलं की पाय सरळ व्हावा, गुडघे दुखण्याच्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात. दोन ट्यूब, पंप, टायर काढायचे लिव्हर घ्या, आणि पंक्चर काढायला मुलाला घरीच शिकवा, त्याला आवडेल. पाठीवर सॅक कोणीच घेऊ नका, कॅरियरला बांधा.

वडिलांची सायकल ठरली की सांगा, लो फ्रेमची, म्हणजे मधली दांडी खाली असलेली, बघत असाल तर बोरिवलीत भाड्याने कुठे मिळते ते मी विचारून देते. आणि रो-रोचं वेळापत्रक निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा, सकाळची बोट चुकली तर उन्हात चालवावं लागेल.