उबंटूत एनव्हिडिया ड्रायव्हर टाकला तरी एचडीएमआयचा मॉनिटर का दिसत नाही?

मॉनिटर आणि केबल दोन्ही ठणठणीत आहेत, त्याच लॅपटॉपवर विंडोजमध्ये चालतात म्हणताय ना, मग त्यावर पैसे घालवू नका. तुम्ही लिहिलंय की ड्रायव्हर टाकताना पासवर्ड सेट करायला लावला आणि रिस्टार्टनंतर निळी स्क्रीन आली तिथे तुम्ही कंटिन्यू बूट दाबलंत, सगळी भानगड तिथेच झालीये.

झालंय असं की बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये आतला स्क्रीन इंटेलच्या ग्राफिक्सला जोडलेला असतो आणि एचडीएमआय पोर्ट थेट एनव्हिडियाच्या चिपला, म्हणून लॅपटॉपचा स्क्रीन मस्त दिसतो आणि बाहेरचा मॉनिटर मात्र नो सिग्नल म्हणत बसतो. ड्रायव्हर इन्स्टॉल झालाय पण लोड होत नाहीये, कारण सिक्युअर बूट (सही केलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सुरक्षा) चालू असेल तर कर्नल, म्हणजे उबंटूचा गाभा, डिजिटल सही नसलेलं मॉड्यूल, म्हणजे इथे ड्रायव्हर, घेतच नाही, आणि ज्या किल्लीने सही केली ती मान्य करायची जागा म्हणजे ती निळी स्क्रीन.

आधी खात्री करा. टर्मिनलमध्ये एनव्हिडिया-एसएमआय ही कार्डची माहिती दाखवणारी कमांड चालवा, कार्डचं नाव आणि टेबल आलं तर माझं निदान चुकीचं, ड्रायव्हरशी संपर्क होत नाही असा एरर आला तर बरोबर.

मग व्हार, लिब, शिम-साइन्ड, मॉक या फोल्डरमधली मॉक.डीईआर फाइल (तीच सहीची किल्ली) सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचा अधिकार, लावून मॉकयुटिल या कमांडच्या इम्पोर्टला द्या, तो नवीन पासवर्ड मागेल, साधा आठ अक्षरी इंग्रजी अक्षरांचा ठेवा, कारण त्या स्क्रीनवर कीबोर्ड लेआउट अमेरिकन असतो आणि चिन्हं इकडची तिकडे होतात. रिस्टार्ट करा आणि स्क्रीनसमोरून हलू नका, 10 सेकंदांत कुठलंही बटण दाबलं नाही तर ती निघून जाते आणि परत पहिल्यापासून. एनरोल मॉक, कंटिन्यू, येस, पासवर्ड, रिबूट.

सिक्युअर बूट बंद करूनही काम होतं, पण तुमच्याकडे विंडोज पण आहे आणि त्यात बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, असेल तर रिकव्हरी की मागू शकतो, ती हाताशी नसेल तर त्या वाटेला जाऊच नका.

आणि हो, एनव्हिडियाच्या साइटवरची डॉट रन फाइल कृपया टाकू नका, कर्नल अपडेट झाला की बऱ्याचदा काळी स्क्रीन येते. उबंटूच्या अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्समधला घ्या. ग्रबमध्ये, म्हणजे उबंटू सुरू करणाऱ्या बूट मेनूच्या सेटिंगमध्ये, कुणाच्या सांगण्यावरून नोमोडसेट हा पर्याय टाकून ठेवला असेल तर तोही काढा, ड्रायव्हर चालू झाला तरी त्याच्यामुळे लॅपटॉपच्या स्क्रीनचं रिझोल्यूशन अडकून बसतं.

एवढं करूनही नाही दिसला तर एनव्हिडिया-एसएमआयचं आउटपुट इथे टाका, बघतो.